बारा सह्या आणि एक आडवी रेघ

धुलाईखात्यात तिला सगळ्या मास्तरीण म्हणायच्या. खरं तर ती कुठल्या शाळेत कधी शिकवायला गेली नव्हती, आणि शिकायलाही दहावीच्या पुढे गेली नव्हती. पण मोठ्या इस्पितळाच्या तळघरात सहा मशिनं दिवसभर घरघरत असत, वॉर्डांतून येणाऱ्या चादरींचे ढीग उपसता उपसत नसत, आणि तिथे राबणाऱ्या बारा बायकांत इंग्रजी अक्षराला अक्षर जोडून वाचणारी ती एकटीच होती. साबणाच्या पिंपावरच्या सूचना, मशीन अडलं की लुकलुकणारी लाल अक्षरं, कुणाच्या पोरीच्या शाळेचं पत्र, कुणाच्या सासऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट, सगळं तिच्यापुढे यायचं. ती हात कोरडे करायची, चष्मा नाकावर चढवायची आणि वाचायची. सतरा वर्षं वाचत होती. आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

या बायकांचा करार एकेका वर्षाचा. वर्ष सरत आलं की वरच्या ऑफिसातून एक नोटीस यायची, तळघराच्या दाराशी फळ्यावर लागायची, आणि ज्यांना पुढचं वर्ष काम करायचंय त्यांनी तिच्याखालच्या तक्त्यात सही करायची. यंदाही नोटीस लागली. मास्तरणीने वाचली. आर, ई, एस, आय, जी, एन. री-साइन.

"चला गं, परत सह्या करायच्यात," तिने हाक दिली.

तिच्याबरोबरीने चादरी निवडणारी एक होती, तिला सगळ्या बडबडी म्हणत. तोंडाची टकळी बंद नाही आणि विश्वास कशावर नाही. ती म्हणाली, "नीट वाचलंस ना?"

"सतरा वर्षं तेच वाचतेय," मास्तरीण म्हणाली.

झालं. बारा जणींनी सह्या केल्या. सगळ्यात शेवटी आक्का आली. आक्का साठीला टेकलेली, इस्त्रीच्या रोलरवर तिचा हात इतका बसलेला की डोळे मिटून चादर सरकवेल. तिने आपल्या नावाची अक्षरं एकेक करून चितारली, मास्तरणीनेच शिकवलेली, आणि पेन परत देताना म्हणाली, "घे बाई, झाले आणखी एका वर्षाची मालकीण."

तीन आठवड्यांनी, सोमवारी, जेवणाची सुट्टी संपता संपता हेडक्लार्क स्वतः तळघरात उतरला. हा माणूस सहसा खाली येत नसे, दमट हवेने त्याचा दमा उठायचा. त्याने बारा लिफाफे टेबलावर ठेवले, कुणाच्या तोंडाकडे न बघता "आपापलं नाव बघून घ्या" म्हणाला आणि आल्या पावली जिना चढून गेला.

मास्तरणीने आपला लिफाफा फोडला. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरांवर बोट ठेवून वाचलं.

"काय लिहिलंय गं?" आक्काने विचारलं. "नवे युनिफॉर्म का?"

मागे एक मशीन पाणी सोडत होतं. मास्तरणीने आधी ते बंद केलं. मग ती म्हणाली, "लिहिलंय की, तुम्ही स्वखुशीने दिलेला राजीनामा मंजूर केला आहे. महिनाअखेर शेवटचा दिवस. केलेल्या सेवेबद्दल आभार."

"कुणाचा राजीनामा?"

"सगळ्यांचा. बाराही जणींचा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग बडबडीला कळलं. तिने हातातले रबरी मोजे काढून टेबलावर आपटले. "तू म्हणालीस सह्या करा. मी विचारलं होतं तुला, नीट वाचलंस ना. विचारलं होतं की नाही? बोला गं, तुम्ही सगळ्या साक्षीला आहात!"

"विचारलं होतंस," मास्तरीण म्हणाली.

"मग?"

मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती आग टाकायची कुणावर तेच कळत नव्हतं. तिने ते पत्र मुठीत चुरगाळलं, ओल्या बुटांनिशी तशीच निघाली, आणि लिफ्टची वाट न बघता चार जिने चढून प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

या अधिकाऱ्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. माणूस दिसायला अगदी सोज्वळ. आवाज कधी चढायचा नाही, कपाळावर आठी पडायची नाही. त्यांनी तिच्या बुटांकडे बघितलं, मग गालिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बसा ना बाई."

"बसायला आले नाही. हे काय आहे?"

"तुमच्या राजीनाम्याची मंजुरी. तुम्ही मागितलंत, आम्ही दिलं."

"आम्ही राजीनामा नाही दिला साहेब. परत सही करायची म्हणून सही केली. दर वर्षी करतो तशी."

साहेबांनी खणातून नोटीस काढली, तिच्यापुढे सरकवली आणि पेनचं टोक एका शब्दावर टेकवलं. "वाचा. काय शब्द आहे? रिझाइन. रिझाइन म्हणजे राजीनामा. कोणत्याही डिक्शनरीत बघा."

"पण दर वर्षी हाच..."

"इंग्रजीत एका रेघेने अर्थ बदलतो बाई. येत नव्हतं तर विचारायचं होतं. अंदाजाने वाचायचं आणि मग आमच्यावर ओरडायचं, हे बरोबर नाही." मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "हे बघा, पुढच्या महिन्यापासून धुलाई बाहेरच्या कंपनीकडे जाणार. ती माणसं नवीन असतील. मशिनं समजणारं कुणी लागेल त्यांना. तुमचं नाव मी सांगू शकतो. एकटीचं."

मास्तरणीला क्षणभर वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं, बरोबर ऐकलं.

"अकरा जणींच्या पाठीवर पाय देऊन मी खाली कुठल्या तोंडाने जाऊ?"

"भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका."

"तुमच्या दारात पहिल्यांदा आलेय साहेब, सतरा वर्षांत. आता सारखी येणार," ती म्हणाली, आणि दार इतक्या जोरात ओढलं की बाहेर बसलेला शिपाई उठून उभा राहिला.

त्या शिपायाचे कान तिखट. ती जिने उतरून खाली पोचायच्या आत बातमी खाली पोचली होती, आणि वाटेत तिला पाय फुटले होते. मास्तरणीला नव्या कंपनीत जागा मिळाली. मास्तरणीने बाकीच्यांना विकलं. ती आत शिरली तेव्हा एकीनेही मान वर केली नाही. फक्त बडबडी म्हणाली, "अभिनंदन हो, मुकादमीणबाई."

मास्तरीण तिथे भांडू शकली असती. पण रडू फुटणार होतं, आणि रडत भांडायचं तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

संध्याकाळी घरी न जाता ती दोन गल्ल्या पलीकडे दादाकडे गेली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, आणि अजूनही बोलताना हातात अदृश्य खडू धरणारा. तिला जे चार शब्द येत होते ते त्याच्याच घरगुती शिकवणीत मागच्या बाकावर बसून आले होते. तिने सह्या झाल्यावर फोनमध्ये काढून ठेवलेला नोटिशीचा फोटो त्याच्यापुढे धरला. घडलं ते सांगितलं.

दादाने फोटो बघितला आणि हसला. खो खो हसला. "अगं, हे तर मी परीक्षेत विचारायचो! दिसायला जुळी भावंडं, अर्थ उलटे. बघ, मधे आडवी रेघ असली की री-साइन, पुन्हा सही करणं. री म्हणजे पुन्हा. रेघ काढली की रिझाइन, म्हणजे नोकरी सोडणं. एकात स, दुसऱ्यात झ. आपल्या लिपीत लिहिलं तर आंधळाही फसणार नाही, पण त्यांच्या अक्षरांत नुसत्या रेघेचा फरक. आणि तू बारा जणींना..." त्याला पुन्हा हसू फुटलं.

"हसू नकोस दादा."

"अगं पण गंमत बघ ना, एक मार्काची चूक..."

"हसू नकोस म्हणते ना!" तिचा आवाज एवढा चढला की स्वयंपाकघरातून वहिनी ओल्या हातांनी बाहेर आल्या. "तुझ्या वर्गात चूक झाली की एक मार्क जातो. माझ्या चुकीने बारा चुली विझल्यात. आक्काचा नवरा अंथरुणाला खिळलाय, तो हसेल का या गमतीला? तू मला मागच्या बाकावर बसवून शब्द शिकवलेस. चारचौघांत माझे उच्चार सुधारलेस, लोक हसले, मीही हसले. पण अशी रेघ असते हे कधी शिकवलं नाहीस. का? तर मला कशाला लागणार आहे! चादरी धुणाऱ्या बाईला कशाला हवी रेघ!"

दादाचं हसू गळून पडलं. वहिनींनी पाण्याचा पेला आणून ठेवला, तो त्याने तिच्यापुढे सरकवला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. दादा असं म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. मग त्याने चष्मा पुसला आणि फोटो पुन्हा जवळ घेतला. "आणि तुझं तर मुळीच नाही चुकलं. हे वाक्य बघ. येत्या वर्षासाठी ज्यांना रिझाइन करायचंय, त्यांनी सही करावी. येत्या वर्षासाठी! माणूस नोकरी सोडतो ती सोडतो, येत्या वर्षासाठी सोडतो का कुणी? करार मात्र येत्या वर्षासाठी होतो. तू अर्थ बरोबर लावलास. शब्द चुकलाय तो लिहिणाऱ्याचा."

मास्तरीण एकदम ताठ झाली. साहेबांचं वाक्य तिच्या कानात वाजलं. एका रेघेने अर्थ बदलतो बाई. तिने तर रेघेचा विषयही काढला नव्हता. मधे रेघ असते हेच तिला आत्ता कळत होतं. मग साहेबांना कसं ठाऊक, की इथे प्रश्न रेघेचा आहे?

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "दादा, त्या माणसाला आधीपासून माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हेडक्लार्कला गाठलं, फायलींच्या खोलीत, जिथून पळायला दुसरं दार नव्हतं. नोटिशी टाइप करणारा तोच.

"मागच्या वर्षीची नोटीस दाखवा."

"ती दाखवता येत नाही."

"त्यात रेघ आहे ना?"

हेडक्लार्कने तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि खुर्चीत बसकण मारली. "माझी चूक झाली," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घाईत टाइप केलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तसा मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, बदलून लावतो. साहेबांनी नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाले, राहू दे. मला वाटलं किरकोळ गोष्ट म्हणून राहू दे म्हणतायत."

"आणि लिफाफे टाइप करताना? तेव्हाही किरकोळ वाटलं?"

त्याने समोरची फाइल उगाच सरळ केली.

"हे तुम्ही सरकारी कामगार ऑफिसात सांगाल?"

"माझी नऊ महिने नोकरी उरलीय. पेन्शन आहे. तुम्ही समजून घ्या."

"समजून घेऊ? आम्ही बारा जणी महिनाअखेर घरी बसणार, आणि मी तुमचे नऊ महिने समजून घेऊ? तुमच्या आईला भरती केलं होतं तेव्हा तिच्या चादरी आक्का वेगळ्या धुवायची, तिला पुरळ उठतं म्हणून. तुम्हीच सांगायला आला होतात खाली. तेव्हा दमा नव्हता उठला?"

हेडक्लार्कने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिने त्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. दया यायला हवी होती. आली नाही.

तिने कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज दिला. दादा म्हणाला, मी इंग्रजीत लिहून देतो, झकास. ती म्हणाली, नको, झकास इंग्रजीने माझं पोट भरलंय. आपल्या भाषेत लिहिला, स्वतःच्या हाताने, तीन पानं. तारीख मिळाली आठ दिवसांनंतरची, आणि खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांनी यायचं.

इथेच गाडं अडलं. सगळ्या येणार कशा, सगळ्यांनी तर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. चार दिवस ती तळघरात एकटी जेवली. पाचव्या दिवशी तिचा संयम सुटला. तिने फाटक्या चादरींच्या गठ्ठ्यातून एक चादर ओढली, टेबलावर पसरली, कपड्यांवर वॉर्डाचे नंबर घालायचा काळा मार्कर घेतला आणि वीतभर उंचीच्या अक्षरांत तो शब्द दोनदा लिहिला, एकाखाली एक. वरच्यात रेघ घातली. खालच्यात नाही.

"या इकडे सगळ्या. नका बोलू माझ्याशी, पण बघा."

आल्या. थोडं कुतूहल होतं, थोडा तिच्या आवाजाचा धाक.

तिने बोट ठेवून सांगितलं. हे परत सही करणं, हे नोकरी सोडणं. दर वर्षी हे असतं, यंदा हे आलं. क्लार्क विसरला. मोठ्या साहेबांना कळलं, आणि त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं. मग नव्या कंपनीतल्या जागेचंही सांगितलं, काही न झाकता. "मला देऊ केली होती. मी लाथाडली. पटत नसेल तर नका पटवून घेऊ. पण सह्या मी करायला लावल्या, ते ओझं माझं आहे, आणि ते मला एकटीला उतरवता येत नाही. शुक्रवारी चला. मग आयुष्यभर बोलू नका."

आक्का चादरीवर वाकून बघत होती. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. "दोन्ही सारखेच तर दिसतात," ती म्हणाली.

"म्हणूनच तर, आक्का."

"म्हणजे ध चा मा केला मेल्यांनी." आक्का सरळ झाली, कमरेवर हात ठेवला. "मी येते. रोलर एक दिवस थंड राहिला तर इस्पितळ काही बुडत नाही."

मग एकेक जण हो म्हणाली. बडबडी शेवटपर्यंत गप्प होती, आणि ती गप्प असणं हे ओरडण्यापेक्षा भारी होतं. "येईन मी," ती म्हणाली. "पण तुझ्यासाठी नाही. माझ्या सहीसाठी."

"तेवढं पुरे," मास्तरीण म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी ती जेवायच्या टेबलाशी नोटिशीचा फोटो मोठा करून करून बघत होती. नवरा समोर बसला होता. तो चपला-बुटांच्या दुकानात विक्रेता, स्वभावाने थंडा, दोन वाक्यांच्या जागी एकात भागवणारा. त्याने सहज मान वाकडी करून फोनमध्ये बघितलं, आणि जन्मभर जे बघत आला तेच त्याला आधी दिसलं.

"हे शेवटचे आकडे बुटांच्या नंबरांचे ना?"

"हो. नाव, सही, युनिफॉर्मचं माप, बुटाचा नंबर. नवे मिळतात दर वर्षी."

"राजीनामा देणाऱ्याला बूट कशाला?" नवरा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

मास्तरीण त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस तो तक्ता तिच्या डोळ्यांपुढे होता. एका शब्दाने तिला असं झपाटलं होतं की बाकीचा कागद दिसलाच नव्हता.

शुक्रवारी कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीत बारा बायका मावेनात. सहा बसल्या, सहा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अधिकारी बाई पन्नाशीच्या, सर्दीने बेजार, रुमाल हातातच. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मोठे साहेब, आणि त्यांच्या मागे फायली पोटाशी धरून हेडक्लार्क.

साहेबांनी आपलं म्हणणं मांडलं, अगदी गोड आवाजात. नोटीस स्पष्ट होती. सह्या खऱ्या आहेत. भाषा समजली नाही ही संस्थेची जबाबदारी नाही.

"नोटीस टाइप कुणी केली?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी," हेडक्लार्क म्हणाला.

"हाच शब्द घालायचा होता?"

मास्तरीण त्याच्याकडे बघत होती. बाराही जणी बघत होत्या. हेडक्लार्कने फाइल आणखी घट्ट धरली. "मला सांगितलं तसं मी केलं," तो म्हणाला. त्याहून एक अक्षर जास्त नाही.

मास्तरणीच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरली.

"मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे. मला एकच विचारायचंय, आणि ते साहेबांनाच विचारायचंय. या कागदावर सहीपुढे युनिफॉर्मचं माप आहे. त्याच्यापुढे बुटाचा नंबर आहे. साहेब, तुमच्याकडे नोकरी सोडणाऱ्याला नवे बूट देऊन घालवतात का?"

साहेबांनी कागदाकडे बघितलं. "तो फॉर्मचा जुना नमुना आहे..."

"जुना नमुना कशाचा?" अधिकारी बाईंनी विचारलं. "राजीनाम्याचा की कराराचा?"

"कराराचा, पण..."

"माझा पाच नंबर!" मागून आक्काचा आवाज आला. तिने पाय पुढे काढला, त्यात इस्पितळाचा ढगळ बूट. "मागल्या वर्षी सातचे दिले. म्हणून यंदा मी ठळक लिहायला लावलं, पाच. मी नोकरी सोडणार होते तर मला काय करायचे होते पाच आणि सात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अधिकारी बाईंनी रुमाल नाकाशी धरला, तो सर्दीसाठी की कशासाठी कळलं नाही. मग त्यांनी मागच्या पाच वर्षांच्या नोटिशी मागितल्या. साहेब म्हणाले, शोधाव्या लागतील. अधिकारी बाई म्हणाल्या, तुमच्या क्लार्कच्या हातात फाइल आहे ना, बघू. हेडक्लार्कने फाइल टेबलावर ठेवली. पाचही वर्षं रेघ होती.

निकाल लेखी यायला आणखी चार दिवस गेले. राजीनामे रद्द. करार पूर्वीसारखेच चालू. बाहेरच्या कंपनीचं काम थांबवा. आणि यापुढे कामगारांना द्यायचा प्रत्येक कागद त्यांना वाचता येईल अशा भाषेत. कागदात साहेबांच्या लबाडीबद्दल एक शब्द नव्हता. 'शब्दाच्या अनवधानाने झालेल्या चुकीमुळे' एवढंच होतं. मास्तरणीने ते वाचलं आणि पुन्हा पेटली. अनवधान! ज्या माणसाने दोनदा वाचून राहू दे म्हटलं, त्याचं अनवधान! ती अर्ज घेऊन परत जायला निघाली होती, नवऱ्याने हात धरून बसवलं. "आधी करार हातात येऊ दे," तो म्हणाला. तेव्हा बसली.

साहेब खाली आले नाहीत. माफीचा तर प्रश्नच नव्हता. करार आले, आपल्या भाषेत, दोन-दोन पानांचे. मास्तरणीने सहाही मशिनं बंद केली. सकाळी दहाला ती मोठ्याने वाचायला बसली, पहिल्या ओळीपासून. दर ओळीला थांबायची आणि विचारायची, "कळलं? कुणाला शंका?" अकराला वरून फोन आला की शस्त्रक्रियेच्या खोलीत कपडे पोचले नाहीत. तिने निर्जंतुक कपड्यांची तयार ठेवलेली गाडी वर पाठवली आणि पुन्हा वाचायला बसली. साडेअकराला दुसरा फोन आला, साहेबांचाच.

"किती वेळ चालणार हे?"

"वाचून होईपर्यंत," ती म्हणाली. "अंदाजाने वाचायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

दुपारी हेडक्लार्क सह्या झालेले करार न्यायला आला. शेवटच्या पायरीवर उभा राहिला, आत आला नाही. "चला, शेवट गोड झाला," तो म्हणाला. "आता राग मनात ठेवू नका. मीही माणूसच आहे."

"तुमच्यावर राग आहे," मास्तरीण म्हणाली, "आणि तो राहणार. साहेब लबाड आहे, ते त्याच्या तोंडावर दिसतं. तुम्हाला खरं माहीत होतं, आणि तुम्ही फाइल पोटाशी धरून उभे राहिलात. तुमच्या घरच्या चादरी आल्या तर आम्ही नीट धुऊ. बाकी माझ्याशी कामापुरतंच बोला."

त्याने करार मोजून घेतले. अकराच होते.

बाराव्या कराराची मालकीण बडबडी. तिने त्या मधल्या दिवसांत एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात काम शोधलं होतं. तिला ते मिळालं आणि तिने ते घेतलं. आपला कोट आणि डबा न्यायला ती चार वाजता आली. सगळ्यांशी भरभरून बोलली, आक्काच्या गळ्यात पडली. मग टेबलाशी आली, जिथे मास्तरीण पलंगाची मोठी चादर एकटीच घडी करायला झगडत होती. ती चादर दोघींशिवाय होत नाही. बडबडीने पलीकडची दोन टोकं उचलली.

"मी तुला मुकादमीण म्हणाले," ती म्हणाली.

"म्हणालीस."

"वाईट म्हणाले."

"हो. मला ते लागलं. अजून लागतंय."

"मग आता?"

"आता काय? ताण जरा, तुझी बाजू ढिली पडतेय."

बडबडीने ताणली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक लावलं, पुन्हा मागे गेल्या. अशा सात चादरी झाल्या. बडबडी तेवढा वेळ एक शब्द बोलली नाही, आणि धुलाईखात्यात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. मग तिने डबा उचलला आणि गेली.

मास्तरणीने घड्यांचा गठ्ठा गाडीवर ठेवला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डाची चिठ्ठी वाचायला चष्मा चढवला.